धुराच्या डोंगराखाली

सदानंद मुळ्येला माहीत नाही अशी गोष्ट अख्ख्या बहरीनमध्ये नव्हती. निदान त्याचं स्वतःचं तसं मत होतं, आणि चोवीस वर्षं एका जागी काढलेल्या माणसाचं मत खोडून काढायला सहसा कुणी जात नाही. रहिवासी कार्ड हरवलं तर आधी कुठे जायचं, हापूसची पहिली पेटी कुठल्या दुकानात उतरते, कुठल्या केरळी डॉक्टरच्या हाताला गुण आहे, विचारायचा अवकाश की सदानंद सुरू. ऐकणाऱ्याला घाई असली तरी सदानंदला कधीच नसायची.

नोकरीत मात्र त्याला कुणी काही विचारत नसे. सलमाबादला एका बांधकाम कंपनीत तो स्टोअरकीपर होता. दिवसभर स्टोअरच्या खिडकीशी फोरमन यायचे, पाइप मागायचे, व्हॉल्व्ह मागायचे आणि माल नसला की "मफी? नाही म्हणजे काय, कसं काय मफी?" म्हणून त्याच्यावरच खेकसायचे. जणू सदानंदनेच ते व्हॉल्व्ह खाऊन टाकले होते. आठवडाभर ही हाडहूड सोसायची आणि सुट्टीच्या दिवशी मराठी मंडळींत "सदाभाऊ, सदाभाऊ" ऐकायचं, या दुसऱ्या गोष्टीच्या जोरावर तो पहिली निभावून न्यायचा. तो मान गेला असता तर छप्पन्नाव्या वर्षी त्याच्याजवळ मिरवण्यासारखं दुसरं काही उरलं नसतं. हे त्याला आतून ठाऊक होतं, म्हणून तर तो इतका बोलायचा.

वर्षातून दोनदा तो मंडळींची सहल काढायचा. सहल त्याची, गाडी मात्र ताहिरची. सदानंदकडे लायसन्स नव्हतं. तीनदा परीक्षेत नापास झाल्यावर "इथलं ऊन डोळ्यांना सोसत नाही" असं जाहीर करून त्याने तो विषय मिटवून टाकला होता.

ताहिर परकार हा हर्णैचा. बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत एका कापडाच्या दुकानात तो बावीस वर्षं उभा होता. मापून कापड फाडायचा आणि बोलायचाही मापूनच. हमद टाउनच्या एकाच इमारतीत, सदानंदच्या खालच्या मजल्यावर तो आणि त्याची बायको नसीमा राहायची. मुलगा अर्सलान शिकायला रत्नागिरीला. एकोणीस वर्षांचा हा शेजार. स्मिताचं, म्हणजे सदानंदच्या बायकोचं, पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा आठ दिवस दोन्ही वेळचा डबा नसीमाने पोचवला होता, आणि मुळ्यांकडे मांसमच्छी चालत नाही म्हणून त्या आठ दिवसांत स्वतःच्या घरातही मासळी शिजवली नव्हती. हे तिने सांगितलं नाही. स्मिताला ते वासावरून कळलं.

आता ज्वालामुखीचं. जबल दुखान नावाचा एक डोंगर बहरीनच्या मधोमध आहे. डोंगर म्हणायचा ते आपलं त्या सपाट मुलखाच्या मानाने. आपल्याकडे एवढ्या उंचीला कुणी नावसुद्धा ठेवलं नसतं. अठरा वर्षांपूर्वी कंपनीच्या एका येमेनी ड्रायव्हरने सदानंदला सांगितलं की या नावाचा अर्थ धुराचा डोंगर. झालं. धूर म्हटल्यावर आग आली, आग म्हटल्यावर लाव्हा आला, आणि त्या संध्याकाळपर्यंत सदानंदच्या डोक्यात एक विझलेला ज्वालामुखी तयार झाला. पुढे जो कोणी नवा माणूस बहरीनला येई त्याला तो सांगे, "इथे ज्वालामुखी आहे, माहितीय? लोकांना कल्पना नसते." सांगता सांगता ते त्याला स्वतःलाच खरं वाटू लागलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण सदानंदला तर मूठ झाकलेली आहे याचाच विसर पडला होता.

या एप्रिलमध्ये अमवाजला राहणाऱ्या मयुरेशचा फोन आला. मयुरेश पुण्याचा, बँकेत मोठ्या जागेवर. त्याची तेरा वर्षांची मुलगी इरावती शाळेसाठी ज्वालामुखीवर प्रोजेक्ट करत होती. "सदाभाऊ, तुम्ही म्हणाला होतात ना, इथे एक आहे म्हणून? इराला दाखवाल का?" सदानंदला आकाश ठेंगणं झालं. बँकेतला माणूस त्याला विचारत होता. त्याने लगेच शनिवार ठरवला, तीन गाड्या, चौदा माणसं, ग्रुपवर कार्यक्रम टाकला: सकाळी पहिली तेलविहीर, दुपारी ज्वालामुखी व भोजन, संध्याकाळी वाळवंटातलं ते एकटं जुनं झाड. 'ज्वालामुखी'पुढे त्याने आगीचं चित्रसुद्धा टाकलं. ताहिरला विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही. ताहिर येणारच, दुकानातून सुट्टी मागून येणार, हे तो धरूनच चालला होता. आणि ताहिर आला.

शनिवारी सदानंद पहाटे चारला उठला आणि मसालेभाताला लागला. हा भात म्हणजे त्याचा प्रत्येक सहलीचा नेम. त्या दिवशी स्मिताला गॅसजवळ फिरकायची मुभा नसे. तोंडली, काजू, तिच्या बहिणीने चिपळूणहून धाडलेला गोडा मसाला, वर ओलं खोबरं. पहिली पानं वाढायच्या आधी घासभर भात ताहिरच्या हातावर ठेवायचा आणि विचारायचं, "मीठ बघ रे." ताहिर डोळे मिटून खायचा आणि म्हणायचा, "बराबर." मग पंगत बसायची. एकोणीस वर्षं हे असंच चालत आलं होतं.

सातला खाली उतरल्यावर स्मिताने ताहिरला चहा दिला, तो "नको भाभी, आज नको" म्हणाला आणि डिकीत पातेलं नीट बसवू लागला. तेलविहिरीपाशी सगळ्यांनी थर्मास उघडले, चकल्या फिरल्या. ताहिर गाडीचा टायर बघत लांब उभा राहिला. सदानंद तेव्हा विहिरीचा इतिहास सांगण्यात गुंग होता, पण विवेकने ते बरोबर टिपलं.

विवेक डोंबिवलीचा इंजिनियर, बहरीनला येऊन आठ महिने झालेला, जीभ धारदार. तो सदानंदजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताहिरभाई आज आपलं काहीच घेत नाहीयेत, बघितलंत का?"

"नसेल भूक," सदानंद म्हणाला.

"पाणीसुद्धा नाही हो. हल्ली असंच झालंय सगळीकडे. आधी प्रसाद बंद होतो, मग चहा बंद होतो."

सदानंदने तिथेच त्याला गप्प करायला हवं होतं. एकोणीस वर्षांचा शेजार आहे, तू कालचा आलेला, असं दोन शब्दांत सुनावता आलं असतं. इतर वेळी दोनशे शब्द बोलणारा सदानंद त्या वेळी काहीच बोलला नाही. उलट गेल्या गणपतीत ताहिरने मोदक हातात घेऊन "घरी नेतो" म्हटलं होतं ते त्याला आठवलं, आणि आठवल्यावर ते तिथेच मनात ठाण मांडून बसलं.

अकराच्या सुमारास मंडळी जबल दुखानच्या पायथ्याशी पोचली. ऊन चांगलंच चढलं होतं. पायवाटेवर गुहांसारख्या कपारी आहेत, त्यांच्या भिंतींवर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी आपापली नावं कोरून ठेवलेली. पाण्याच्या बाटल्यांचं खोकं खांद्यावर घेऊन ताहिर सगळ्यांच्या मागून चढत होता. सदानंद पुढे. एका कपारीपाशी उभा राहून त्याने हात पसरले.

"हे बघ इरा. हे ज्वालामुखीचं तोंड. लाखो वर्षांपूर्वी इथून लाव्हा बाहेर पडला आणि थंड झाल्यावर हा दगड तयार झाला. घे, तुझ्या प्रोजेक्टला घे."

इरावतीने दगड हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र बहुतेक इंग्रजीतून यायचं. "अंकल, आय डोन्ट थिंक सो," ती म्हणाली. आवाजात उद्धटपणा नव्हता, शंका होती. पाण्यात पिळायला चिरून आणलेल्या लिंबाची फोड तिने आईकडून मागून घेतली, दुसऱ्या दगडाने तो दगड खरवडला आणि त्या पांढऱ्या भुकटीवर लिंबू पिळलं. सगळे वाकून बघू लागले. भुकटीवर बारीक बुडबुडे आले आणि चुरचुरले.

"लाइमस्टोन," इरावती म्हणाली. "चुन्याचा दगड. व्होल्कॅनिक रॉक असता तर असं झालं नसतं." मग तिने फोनवर शोधून वाचूनही दाखवलं. धुराचा डोंगर हे नाव दमट दिवसांत वर धुकं साचतं म्हणून. ज्वालामुखी इथे कधीच नव्हता.

विवेक म्हणाला, "म्हणजे सदाभाऊंचा ज्वालामुखी सोडा वॉटर निघाला!"

हशा पिकला. डझनभर माणसांचा हशा, आणि त्या कपारीत तो घुमून दुप्पट झाला. मयुरेशने मुलीला डोळ्यांनी दटावलं, पण हसू त्यालाही आवरलं नव्हतं. सदानंदही हसला. हसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पण त्याचे कान तापले होते, आणि बँकेतल्या माणसाच्या नजरेत आपण आता स्टोअरच्या खिडकीतले मुळ्ये झालो, हे त्याला स्वच्छ दिसलं. खाली उतरताना दोघातिघांनी "सोडा वॉटर, सोडा वॉटर" म्हणत दगड खिशात घातले. फक्त ताहिर हसला नव्हता. तो सदानंदच्या शेजारून उतरत हळूच म्हणाला, "पोरं शिकली, चांगलंच झालं की रे." हे समजुतीचं बोलणंही सदानंदला त्या क्षणी झोंबलं. पडलेल्या माणसाला हात द्यायला येणाराच आधी दिसतो, आणि रागही आधी त्याचाच येतो.

पायथ्याशी गाड्यांच्या सावलीत सतरंज्या पसरल्या. नसीमा वरच्या एका कपारीच्या सावलीत जोहरची, दुपारची, नमाज पढायला मागे थांबली होती. पातेल्याचं झाकण निघालं, वास सुटला, मंडळी वाहवा म्हणाली आणि सदानंदचा जीव थोडा भांड्यात पडला. इथे तरी त्याचं राज्य होतं. त्याने नेमाप्रमाणे घासभर भात घेतला आणि ताहिरपुढे केला. "मीठ बघ रे."

ताहिर त्या हाताकडे बघत राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "आज दुसऱ्या कुणाला दे सदा. मी मागाहून घेतो."

सगळे बघत होते. हात पुढे केलेला, त्यावर भात, आणि घेणारा नाही म्हणतोय. अर्ध्या तासापूर्वीचा तो हशा सदानंदच्या कानांत अजून वाजत होता. वड्याचं तेल वांग्यावर काढणं म्हणतात ते माणूस ठरवून करत नाही, पण वांगं निवडतो मात्र अचूक. जो उलटून बोलणार नाही, तेच.

"मागाहून म्हणजे कधी?" सदानंद मोठ्याने म्हणाला. "सकाळपासून बघतोय मी. चहा नको, चकली नको, पाणी नको. आमच्या हातचं आता चालेनासं झालं का तुला? गणपतीचा मोदक खाल्ला नाहीस, ते मी समजून घेतलं. पण भाताला कसली जात, ताहिर? की एकोणीस वर्षांनी तुलाही आठवायला लागलं, आम्ही कोण आणि तुम्ही कोण?"

"अहो," स्मिता म्हणाली. बस, एवढंच.

ताहिरने एकदा सदानंदच्या तोंडाकडे पाहिलं, एकदा भोवतालच्या माणसांकडे पाहिलं. त्याच्या ओठांशी काहीतरी आलं आणि परत गेलं. मग त्याने हात पुढे केला, घास घेतला, तोंडात घातला. नेहमीसारखे डोळे मिटले. "बराबर," तो म्हणाला.

"हां!" विवेकने टाळी वाजवली. "सदाभाऊंनी विकेट काढली!" लोक सैलावले, हसले, पानं पुढे सरकली. ताहिरने पानभर भात खाल्ला आणि नसीमा खाली यायच्या आत पान उचललं. पाण्याची बाटली मात्र त्याने तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली ठेवली. सदानंदने ते पाहिलं आणि त्याला वाटलं, एवढी तहान होती तर सकाळपासून नखरे कशाला केले? आपण जरा जास्त बोललो हेही त्याला वाटलं, पण भात उत्तम झाला होता, मंडळी दुसऱ्यांदा मागून घेत होती, आणि मान जागेवर आल्यासारखा वाटत होता. मन सारवायला एवढं पुरतं.

संध्याकाळी मंडळी त्या झाडापाशी पोचली. चहूकडे वाळू आणि मधे हे एकटं पसरलेलं झाड. शेकडो वर्षांचं आहे म्हणतात. किती शेकडो, हे सांगायचं सदानंदने या वेळी टाळलं. मुलं फोटो काढत फिरत होती. तो एका बाजूला बुटातली वाळू झटकत बसला होता, तेव्हा नसीमा त्याच्याकडे आली. तिच्या एका हातात छोटी डबी होती, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली.

"भावजी, अर्सलानचे अब्बा कुठं दिसले तुमाला? मगरीब व्हायला आली, सूर्य बुडत आला."

"असेल इथेच. काय गं, काय आणलंस?"

"खजूर. रोजा हाय ना त्यांचा." सदानंदच्या चेहऱ्याकडे बघून ती थांबली. "तुमाला सांगितलं नाय? शव्वालचे सहा ठेवतात ना, त्यातला आज शेवटचा. मधे ताप आला, दुकानात माल आला, म्हणून राहिला व्हता. सकाळी मी म्हटलं, भावजींना सांगून ठेवा, तर म्हणाले, नको, सगळ्यांना जेवताना अवघडल्यासारखं व्हईल. त्यांची सहल हाय."

सदानंदचा बूट हातातच राहिला. हे त्याला माहीत होतं. इतरांना माहीत नसेल, त्याला होतं. ईद झाली की त्या शव्वाल महिन्यात ताहिर सहा रोजे ठेवतो आणि दर वर्षी सदानंद त्याला चिडवतो, रमजानचे तीस आणि हे सहा, तुझे आणि अल्लाचे छत्तीस गुण जुळले. ताहिर दर वर्षी त्यावर हसतो. यंदा सदानंदच्या डोक्यात ज्वालामुखी होता.

"मग... आज नाही झाला तर? उद्या ठेवला तर चालतो ना?" त्याने विचारलं. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

"उद्या कसा? आज चाँदची तीस. आज सूर्य बुडाला की शव्वाल सरला." ती हसली. "अर्सलान झाला त्या साली धरले त्यांनी. एक साल सुटलं नाय अजून."

तेवढ्यात झाडाच्या मागून ताहिर आला. नसीमाच्या हातातली डबी त्याने पाहिली, सदानंदचं तोंड पाहिलं, आणि त्याला सगळं समजलं. दूर कुठल्या तरी मशिदीची अजान वाऱ्यावर आल्यासारखी वाटली. नसीमाने डबी पुढे केली.

"तूच खा," ताहिर म्हणाला. "माझा दुपारीच सुटला. नाय जमला आज."

"सुटला? कसा काय सुटला?"

"नाय जमला."

"आज आखरीचा नाय जमला?" नसीमाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला ती रागावली. "पाच-सहा तास राहिले व्हते फक्त. एवढी तहान लागली तुमाला? बावीस बाटल्या डोंगरावर वाहून न्यायला कुणी सांगितलं व्हतं? आता पुढच्या साली तरी धड ठेवा."

ताहिर ऐकून घेत होता. हो नाही, काही नाही. आणि सदानंद एका हातात बूट घेऊन दोन पावलांवर उभा होता. त्याने फक्त एवढंच म्हणायचं होतं, नसीमा, त्याला बोलू नकोस, मी खायला लावलं. पाच-सहा शब्द. तिघंच होते तिथे. ऐकायला चौथं माणूस नव्हतं. पण आयुष्यभर नको तिथे चाललेली जीभ इथे टाळ्याला चिकटली. तिने आपल्याकडे कसं बघितलं असतं, या एका भीतीने त्याने तिला नवऱ्याला बोलू दिलं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय हे त्याला तिथे कळलं, आणि तरी तो गप्पच राहिला.

मराठी माणसाची सहलसुद्धा आभारप्रदर्शनाशिवाय संपत नाही. निघायच्या आधी सगळे गाड्यांपाशी गोल करून उभे राहिले. रीतीप्रमाणे सगळ्यात नव्या माणसाने आभार मानायचे, म्हणून विवेक पुढे झाला. "ज्वालामुखी नसला तरी भात गरम होता," तो म्हणाला आणि लोक हसले. "आणि विशेष आभार यासाठी की सकाळपासून उपाशी राहिलेल्या ताहिरभाईंना सदाभाऊंनी स्वतःच्या हाताने घास खायला लावलाच. ही खरी मराठी पाहुणचाराची ताकद!"

टाळ्या पडल्या. नसीमा टाळी वाजवता वाजवता थांबली. तिने मान वळवून सदानंदकडे पाहिलं. रागाने नाही. नुसतं पाहिलं, जसं एखादा हिशेब जुळला की माणूस कागदाकडे बघतो.

ते सदानंदला सोसलं नाही. तो गोलाच्या मधे आला आणि बोलायला लागला. ताहिरचा रोजा होता, मला माहीत असायला हवं होतं, मी त्याला नाही नाही ते बोललो, चारचौघांत त्याची जात काढली, आणि या देवमाणसाने माझी लाज राखायला स्वतःचा रोजा मोडला. एकदा बोलायला लागल्यावर त्याला थांबता येईना. एकोणीस वर्षं आली, ऑपरेशनचा डबा आला, घरात न शिजवलेली मासळी आली. त्याने ताहिरपुढे हात जोडले. "मी गुन्हेगार आहे याचा," तो म्हणाला. "तुम्हा सगळ्यांसमोर सांगतो." स्मिता त्याची बाही ओढत होती. "पुरे आता," ती दबक्या आवाजात म्हणत होती, "पुरे हो."

बायकांनी डोळे पुसले. विवेक मान खाली घालून वाळू उकरत होता. मयुरेश पुढे आला, त्याने सदानंदच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "सदाभाऊ, हे असं कबूल करायला फार मोठं मन लागतं." दोघंतिघं तेच म्हणाले. इरावतीसुद्धा जवळ येऊन "यू आर सो ब्रेव्ह, अंकल" म्हणून गेली. ताहिर तोपर्यंत गाडीत जाऊन बसला होता.

परतीच्या वाटेवर सदानंद नेहमीप्रमाणे ताहिरच्या शेजारी, पुढच्या सीटवर. मागे दोघी बायका, दोन खिडक्यांतून बाहेर बघत. बाहेर अंधारू लागलं होतं, तेलाच्या पाइपलाइनी रस्त्याच्या कडेने सरकत होत्या. मनावरचं ओझं उतरलं होतं म्हणून सदानंदच शेवटी म्हणाला, "ताहिर, मनातलं सगळं बोललो बघ. काही ठेवलं नाही."

"ऐकलं मी," ताहिर म्हणाला. त्याची नजर रस्त्यावर होती. आवाज नेहमीचाच, चढलेला नव्हता. "नसीमाला एकटीला सांगितलं असतंस तर बरं झालं असतं. तिथंच व्हतो आपण तिघं."

सदानंदने सीटबेल्टचा पट्टा उगाच सारखा केला.

"रोजा माझ्या नि अल्लाच्या मधला व्हता, सदा. दुपारी मोडला तोपण मधलाच. माझा दोस्त आधीच एकदा तोंडावर पडलेला, त्याला पुन्हा पडू द्यायचा नाय, असं मी मनात सांगितलं नि घास घेतला. कुणाला दिसायला नको व्हतं ते." त्याने गिअर बदलला. "तू त्याचं भाषण केलंस."

मागे नसीमाने ओढणी सारखी केली. स्मिताने डोळे मिटून घेतले.

फार मोठं मन लागतं, असं मयुरेश म्हणाला होता. बँकेतला माणूस, खांद्यावर हात ठेवून. आणि तो हात खांद्यावर असताना, डोळ्यांत पाणी असताना, सदानंदला आत कुठेतरी बरं वाटलं होतं. सकाळी गेलेला मान परत मिळाला असं वाटलं होतं. ताहिरच्या रोज्यावर तो मान त्याने दुपारी एकदा मिळवला होता आणि संध्याकाळी पुन्हा मिळवला होता. हे बरं वाटणं कुणी पाहिलं नव्हतं, पण ते झालं होतं, आणि दिवसभरात त्याने केलेल्या सगळ्या गोष्टींपेक्षा त्याला त्याचीच जास्त लाज वाटली.